जमीन विकायची, पण कशी?

संत तुकाराम नगरला मेट्रोतून उतरून कॉलेज गाठणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांची शेती खेड, मावळ, मुळशीत आहे. घरी एजंटांच्या चकरा सुरू असतील, तर सहीच्या दिवशी नुसतं गाडीतून जाऊन येऊ नका. आधी व्यवहार कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारा.

सरळ खरेदीखत सगळ्यात सोपं. एकरकमी पैसा येतो, पण पुढं भाव वाढला तर त्यात आपला वाटा शून्य. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 10 लाखांच्या वर असल्यामुळे महापालिका हद्दीपासून 8 किलोमीटर हवाई अंतरातल्या शेतजमिनीच्या नफ्यावर प्राप्तिकरही लागतो. दोन वर्षांत दुसरी शेती घेतली, तर अटींसह सूट मिळते.

बिल्डरबरोबर विकसन करार केला तर फ्लॅटमध्ये हिस्सा मिळतो. मात्र त्यासोबत कुलमुखत्यारपत्रही पुढं सरकवलं जातं, आणि खरी गोम तिथंच असते. कोणते अधिकार दिले, किती मुदतीसाठी, काम रखडलं तर काय, हे वाचायला कॉलेज शिकलेलं घरात दुसरं कोण आहे?

तिसरी वाट हडपसरची. मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांहून जास्त जमीन एकत्र करून कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. जमीन गेली, पण मालकी राहिली. माझ्या मते ही पद्धत सर्वांत चांगली, पण अख्खी भावकी एका टेबलावर बसवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको! आणि शेतकऱ्यांच्या हाती सूत्रं नसली की नुसतं आश्वासन उरतं. खेड सेझमध्ये 15 टक्के विकसित जमीन परत मिळणार होती. त्या परताव्यासाठी शेतकऱ्यांना आंदोलनं करावी लागली.

आता मुलींसाठी. व्यवहार ठरला की ‘फक्त एक सही कर’ म्हणून हक्कसोडपत्र समोर येतं. 2005च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क दिला. त्या वेळी वडील हयात नसले तरी तो मिळतो, हे सुप्रीम कोर्टानं 2020मध्ये स्पष्ट केलं. सही करायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण आधी सातबारा, फेरफार आणि ठरलेली रक्कम बघायला मागा. सातबारा मोबाईलवर महाभूलेखवर दिसतो.