अर्ध्या बिल्ल्याचा सौदा

जर्मन सैन्याची जुनी पदके, शिरस्त्राणे, पट्ट्यांची बक्कले आणि आघाडीवरून घरी धाडलेली पत्रे जमवण्याचा छंद युरोप-अमेरिकेत पुष्कळांना आहे, आणि त्याकडे पाहण्याची सभ्य समाजाची रीत अशी, की संग्राहकाला एक तर हिटलरचा प्रच्छन्न भक्त ठरवावे, नाही तर भंगाराच्या नादी लागलेला निरुपद्रवी छांदिष्ट म्हणून सोडून द्यावे. मला हे दोन्ही निकाल घाईचे वाटतात. ज्या वस्तूंच्या मोहाने राष्ट्रे आपल्या तरुणांना मरणास प्रवृत्त करतात त्या वस्तू हाताळून पाहणे हे इतिहासाच्या अभ्यासाचेच एक अंग आहे. माझा आक्षेप त्या छंदातल्या एका विशिष्ट व्यवहाराला आहे, आणि तो व्यवहार वरवर इतका क्षुल्लक दिसतो की त्यातला अन्याय सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या बाजारातले सर्वांत परिचित पदक म्हणजे आयर्न क्रॉस. नेपोलियनविरुद्ध उठावणी करताना प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने १० मार्च १८१३ रोजी ते सुरू केले, शिंकेल या विख्यात वास्तुविशारदाने त्याला घाट दिला, आणि खजिना रिता पडलेल्या त्या राज्यात सोन्याऐवजी ओतीव लोखंड रुप्याच्या कडेत बसवून वीरांच्या छातीवर चढले. शिवाय सरदार आणि शिपाई असा भेद न करता ते देण्याची प्रथा पडली, ही गोष्ट त्या काळच्या सरंजामी युरोपात लहान नव्हती. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ असे तीन वेळा त्याचे पुनरुज्जीवन झाले, आणि खालच्या भुजेवरचे साल पाहून जाणकार तत्काळ त्याचा काळ सांगतो. मात्र ते कोणाच्या छातीवर होते, हे त्यालाही सांगता येत नाही. कारण बहुतेक पदकांवर धारकाचे नाव नसते, आणि सोबतची सनद गहाळ झाली की पदक मुके होते.

नाझी काळातील वस्तूंविषयी जर्मनीने जो कायदा केला आहे तो मला पूर्णतः मान्य आहे. त्या राजवटीची चिन्हे जाहीरपणे मिरवणे तेथे गुन्हा आहे आणि कला, संशोधन, अध्यापन यांना सूट आहे. जुन्या सैनिकांना आपली पदके लावायची असतील तर ती नाझी चिन्ह वगळून नव्याने घडवलेल्या रूपात लावावीत, अशी मुभा १९५७ च्या कायद्याने दिली. २०१९ मध्ये म्युनिकच्या एका लिलावात खुद्द हिटलरची टोपी विक्रीस आली, तेव्हा लेबनॉनमध्ये जन्मलेल्या एका स्विस व्यापाऱ्याने ती भलत्याच्या हाती पडू नये म्हणून पदरचे पैसे मोजून घेतली आणि ज्यूंच्या एका संस्थेच्या स्वाधीन केली. हुकूमशहाच्या टोपीची याहून योग्य वासलात मला तरी सुचत नाही.

परंतु हुकूमशहाच्या टोपीहून शिपायाचा बिल्ला मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन शिपायाच्या गळ्यात जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा एक लंबगोल बिल्ला असे. त्याच्या मधोमध आडव्या चिरा पाडलेल्या असत, आणि त्या चिरांच्या वर आणि खाली एकच मजकूर दोनदा ठोकलेला असे: पलटणीचे संक्षिप्त नाव, अनुक्रमांक, आणि बहुधा रक्तगट. शिपाई पडला की सोबत्यांनी खालचा अर्धा भाग मोडून वर पाठवावा आणि वरचा अर्धा प्रेतासोबत पुरावा, असा शिरस्ता होता; म्हणजे एक अर्ध दप्तरात जाई आणि दुसरे मातीत. नाव बिल्ल्यावर नसेच. ते बर्लिनच्या दप्तरातील फेरिस्तांत लिहिलेले असे, आणि त्या फेरिस्ता आज तेथील केंद्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत. तेव्हा मातीतला आकडा आणि दप्तरातले पान यांची गाठ पडली तरच मेलेल्या माणसाला त्याचे नाव परत मिळते. दोहोंपैकी एक नाहीसे झाले की दुसरे निरर्थक.

आता अखंड वस्तू कोणत्याही संग्राहकाला प्रिय असते हे उघड आहे. पण हाडांच्या शेजारी बिल्ला अखंड सापडला, तर त्याचा अर्थ इतकाच की तो मोडायला मागे कोणी उरले नव्हते, मृत्यूची वर्दी कोणी दिली नाही, आणि दप्तरात तो शिपाई आजही बेपत्ता म्हणूनच नोंदलेला असण्याचा संभव आहे. युद्धातून जिवंत परतलेल्यांनीही आपले बिल्ले घरी आणले आणि त्यांच्या नातवंडांनी ते विकले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती रात्री मेटल डिटेक्टर घेऊन रानात शिरणाऱ्यांविषयी, आणि त्यांच्याकडून माल घेताना तो कोठून आला हे न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाविषयी. कारण चोराला उजेडात उभे राहण्याचे धैर्य हा गिऱ्हाईकच देतो.

बर्लिनच्या दक्षिणेस हाल्बे नावाचे गाव आहे. एप्रिल १९४५ च्या अखेरीस तेथल्या पाइनच्या रानात जर्मनांची नववी सेना वेढली गेली आणि पश्चिमेकडे वाट फोडण्याच्या धडपडीत सैनिक आणि निर्वासित नागरिक हजारोंनी मेले. एर्न्स्ट टाइशमान या धर्मोपदेशकाने पुढे १९५१ पासून तेथे दफनभूमी उभी केली, विखुरलेली प्रेते गोळा करून आणली, आणि त्यांच्याजवळचे बिल्ले व किडूकमिडूक वस्तू जपून शक्य तितक्यांची ओळख पटवली. आज त्या दफनभूमीत वीस हजारांहून अधिक मृत आहेत; पुष्कळ पाट्यांवर ‘अज्ञात’ एवढाच शब्द आहे, आणि भोवतालच्या रानात अजूनही अस्थी सापडतात. देशाबाहेर असेच काम १९१९ साली स्थापन झालेली जर्मन युद्धकबर संस्था करते; पूर्व युरोपची दारे उघडल्यानंतर तिने नऊ लाखांहून अधिक मृतांचे अवशेष काढून रीतसर पुरले आहेत. त्या सगळ्या खटाटोपाचा भरवसा या टिचभर बिल्ल्यावर आहे.

म्हणून मला वाटते की जर्मन वस्तू जमवणाऱ्याने आधी जर्मन गावांतली युद्धस्मारके वाचायला शिकावे. लहानशा खेड्यातही चर्चच्या बाजूस एखादी शिळा असते, तिच्यावर पहिल्या महायुद्धातील नावे सालवारीने किंवा वर्णानुक्रमाने कोरलेली असतात, एकाच आडनावाची तीन-चार माणसे एकाखाली एक दिसतात, आणि बाजूला १९३९ नंतरच्यांसाठी मागाहून जोडलेली दुसरी पाटी असते, जी पहिलीपेक्षा अनेकदा लांब भरते. शिळाही निर्दोष नाहीत. १९१४ ते १९१८ या काळात सुमारे बारा हजार जर्मन ज्यू सैनिक देशासाठी मेले, आणि १९३५ साली नाझी राजवटीने नव्या स्मारकांवर त्यांची नावे घालण्यास मनाई केली. कोरलेल्या नावांइतकीच वगळलेली नावेही त्यामुळे तेथे वाचावी लागतात.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. हाल्बेपासून फार दूर नसलेल्या वुन्सडॉर्फ येथे पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेल्या हिंदी शिपायांची छावणी होती, आणि तेथे मेलेल्या २०६ हिंदी सैनिकांची त्सेरेन्सडॉर्फची दफनभूमी पुढे सोविएत लष्कराच्या सराव-मैदानात सापडून उद्ध्वस्त झाली. २००५ साली तिचा जीर्णोद्धार झाला आणि नावे पुन्हा दगडावर आली. तसे भाग्य सर्वांना लाभले नाही. मेसोपोटेमियात मराठा पलटणींसह साम्राज्याच्या सैन्याने जो रक्तपात सोसला त्याच्या स्मृत्यर्थ बसऱ्याला मोठे स्मारक झाले, पण त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांचा केवळ आकडा. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या गावांतही महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत; या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले, एवढाच त्यांवरचा मजकूर. गोऱ्या साहेबाच्या कारकुनाला हिशेब पुरला, आणि शंभर वर्षांत आपणही त्यात एका अक्षराची भर घातली नाही.

तेव्हा बर्लिनच्या जुन्या बाजारातून हौसेने आणलेला असा बिल्ला ज्या कोणा वाचकाच्या कपाटात असेल, त्याने त्यावरचा मजकूर दोन्ही बाजूंनी उतरवून घ्यावा आणि छायाचित्रासह बर्लिनच्या अभिलेखागाराकडे किंवा कासेलजवळच्या युद्धकबर संस्थेकडे कळवावा. वस्तू हवी तर स्वतःकडे ठेवावी, आकडा मात्र दडवून ठेवू नये. आणि ज्यांच्या गावात संगमरवरी पाटी आहे त्यांनी, घरातली जुनी पेन्शनची कागदपत्रे वाळवीच्या हवाली होण्यापूर्वी, त्या आकड्यामागची नावे ग्रामपंचायतीच्या दप्तरी लिहून द्यावीत.