परका कोण, हे ठरवावे कशावरून?

बेकायदेशीरपणे राहणाऱ्या बांगलादेशी लोकांस पकडल्याची वृत्ते ठाणे जिल्ह्यातून वारंवार येतात. आणि असे वृत्त आले की उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील बाजारांत बंगाली बोलणाऱ्या प्रत्येक कारागिराकडे संशयाने पाहिले जाते. चोरवाटेने आलेल्या परकीयास बाहेर घालविण्याचा अधिकार प्रत्येक स्वतंत्र राष्ट्रास आहे, याविषयी आम्हांस तिळमात्र संदेह नाही. प्रश्न एवढाच की, परका कोण, हे ठरवावयाचे कशावरून?

हा प्रश्न या टापूस तरी नवा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरले, तेव्हा घरदार मागे टाकून आलेल्यांपाशी दाखले कोठून असणार? राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने यावर तोड काढली. अखंड हिंदुस्थानात ज्यांचे मूळ होते व जे १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथेच राहिले, ते नागरिक ठरले. नंतर आलेल्यांस सहा महिन्यांच्या वास्तव्यावर नोंदणीची वाट ठेविली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या छावणीस उल्हासनगर हे नाव दिले. निर्वासिताचा व्यापारी झाला तो स्वतःच्या उद्योगाने, हे खरे. पण कायद्याने आधी दार उघडे ठेविले होते, हेही तितकेच खरे.

हे दार पुढेही अगदीच बंद झाले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांस नागरिकत्वाचा मार्ग दिला. मुसलमान त्यातून वगळले. इतरांकरिता मात्र कायदा कडकच राहिला. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यासह चार कायदे रद्द केले. तरी आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या इसमावरच टाकणारे कलम कायम ठेविले. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये जे बजाविले ते महत्त्वाचे होय: आधी सरकारपाशी काही ठोस आधार हवा, नुसत्या संशयावरून वाटेल त्यास पुरावा मागता येत नाही.

हे न पाळल्यास काय होते, ते जून २०२५ मध्ये दिसले. महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले, आणि ते भारतीयच असल्याचे ठरल्यावर त्यांस परत आणावे लागले. भाषा हा पुरावा नव्हे. १९४८ साली सिंधी बोलतो म्हणून कोणास पाकिस्तानी ठरविले असते, तर आज उल्हासनगर कोठे असते?

आमच्या व्यापारी वाचकांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. शिवणकामास वा बांधकामावर निम्म्या मजुरीत माणूस मिळतो म्हणून त्याचे नावगाव न विचारता ठेवावयाचे, आणि सायंकाळी पेढीवर बसून घुसखोरीच्या नावाने बोटे मोडावयाची, हा दुटप्पीपणा होय. प्रत्येक मालकाने मजुरांची नोंदवही ठेवावी व पुरी मजुरी द्यावी. पोलिसांनी मूळ गावी चौकशी केल्यावाचून व त्या माणसाचे म्हणणे ऐकल्यावाचून कोणासही हद्दपार करू नये. यात खरा घुसखोर सुटत नाही. निरपराध नागरिक मात्र वाचतो.