सर्व्हर आभासी, पोट मात्र खरे!

काशीच्या घाटांवर आणि चौकांत कॅमेऱ्यांची नजर आहे. २०१६ साली वाराणसी स्मार्ट सिटी योजनेत आली आणि सिगरा भागात नियंत्रण केंद्र उभे राहिले. अशा केंद्रांना आता सल्ला मिळतो आहे : वेगवेगळे सर्व्हर काढा, एकाच मोठ्या यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवा. वीज वाचेल, जागा वाचेल, माणसेही कमी लागतील!

आमचा विरोध यंत्राला नाही, या शेवटच्या हिशेबाला आहे. पूर्वी एक सर्व्हर बंद पडला तर त्याच्यावरचेच कॅमेरे आंधळे होत. आता मूळ यंत्र बसले आणि जोडीला राखीव यंत्र नसले, तर त्यावरचे सारेच चित्रण थांबेल. म्हणजे रात्रपाळीला जाणता माणूस अधिकच हवा. २०१५ साली याच घाटांवर माकडांनी वायफायच्या केबल कुरतडल्या होत्या. आभासी सर्व्हर खांबावर चढून केबल जोडत नाही; तिथे कामगारच लागतो, आणि तो बहुधा कंत्राटी असतो.

१९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी संगणकीकरणावर लेखी करार करून घेतला. तोच आमचा मार्ग आहे. कपात ओढवेल अशा तांत्रिक बदलाआधी २१ दिवसांची नोटीस २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे.

म्हणून आमची मागणी : आधी नोटीस, मग प्रशिक्षण, मगच बदल. व्यवस्थापन कंत्राटदाराकडे बोट दाखवील. बंधुभगिनींनो, ते बोट मान्य करू नका!