पुराव्याचा भार कोणावर?

सर्व रोगांचे मूळ आतड्यांत असून ती शुद्ध केली म्हणजे मधुमेह कायमचा जातो, औषधे खुशाल सोडावीत, असा उपदेश आमच्या नांदेड-लातुराकडेही कानी येतो. पथ्याची थोरवी आम्हांस मान्य आहे. मिताहाराने प्रौढांचा मधुमेह पुष्कळदा आटोक्यात येतो व रक्त तपासून डॉक्टर कित्येकांची औषधे कमीही करितात. परंतु ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलीन तयारच होत नाही, त्याचे काय? १९२२ मध्ये इन्सुलीन टोचण्यास आरंभ होण्यापूर्वी अशा मुलांवर कडक पथ्याचाच प्रयोग झाला होता. ती उपाशी राहिली आणि अखेर मेली.

लातूरच्या आडतीत तूर घेणारा व्यापारी पोत्याच्या तळचा दाणा पाहिल्यावाचून भाव बोलत नाही; मग देहाच्या सौद्यात तोंडी हवाला कसा चालतो? मधुमेह बरा करणारे औषध म्हणून जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा २०२४ मध्ये पतंजली आयुर्वेदास वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. औषध स्वदेशी की विदेशी, हा प्रश्नच नव्हे. 'बरे करितो' असे जो म्हणतो, पुराव्याचा भार त्याच्यावर. तो रोग्याने आपल्या प्राणाने का वाहावा?