बोट उचललं, पुस्तक कुठाय?

आधी माझी लाज सांगतो, मग तुमची काढीन.

काही वर्षांपूर्वी पनवेलला आमच्या वस्तीत १४ एप्रिलची सभा होती. मला बोलायला उभं केलं. उभं केलं म्हणजे काय, मीच चार दिवस कार्यकर्त्यांच्या पुढेपुढे करत होतो. माईक हातात आला आणि अंगात आलं. चाळीस मिनिटं बोललो. आवाज टिपेला, मूठ वर, दर दोन वाक्यांनी घोषणा, समोरून टाळ्या. घाम पुसत खाली उतरलो. मांडवाच्या खांबाला टेकून एक म्हातारे बाबा बसले होते. त्यांनी जवळ बोलावलं. म्हणाले, "पोरा, आवाज झ्याक हाय तुझा. पन चवदार तळं तीस सालचं न्हवं. सत्तावीसचं. तीस सालचं नाशकाचं काळाराम मंदिर. माझा बाप व्हता म्हाडला."

बस्स. एवढंच बोलले आणि चहाकडे वळले.

मी तिथंच गार. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याकडे जी माणसं चालत गेली ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेतून उठून गेली. पनवेल त्याच कुलाबा जिल्ह्यातलं. आता जिल्ह्याला रायगड म्हणतात. म्हणजे माझ्याच जिल्ह्याचं साल मला ठाऊक नव्हतं, आणि मी चाळीस मिनिटं छाती बडवत होतो. टाळ्या वाजवणाऱ्या पोरांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर टाळ्या थांबल्या असत्या. म्हणजे तिथं भाषण झालंच नाही. नुसता आवाज झाला.

आता दुसरी गोष्ट. माझा भाचा. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. वर्गात दहा मिनिटं एका विषयावर बोलायचं होतं, पडद्यावर चित्रं दाखवून. विषय दिला होता शहराचा पाणीपुरवठा. पोराने रात्रभर जागून कुठून कुठून उतरवलेला मजकूर पडद्यावर चढवला. सकाळी उभा राहिला आणि पडद्याकडे तोंड करून वाचायला लागला. दुसऱ्याच वाक्यात तोंडून 'पानी' गेलं. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं हसले. मग पाच. पोराचा घसा बंद. तीन मिनिटांत जागेवर येऊन बसला.

घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. रात्री म्हणाला, "मामा, मी परत उभा राहणार नाय. मार्क गेले तर गेले."

मार्क गेले तर जाऊ देत रे. पण उभं राहणंच गेलं तर काय उरलं? आपल्या बापजाद्यांना जी गोष्ट हजारो वर्षं करू दिली नाही ती हीच ना? चारचौघांत ताठ उभं राहून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, आपलं म्हणणं मांडणं. आणि आज आपलीच पोरं म्हणतात, उभा राहणार नाय.

या दोन गोष्टी मला एकाच रोगाच्या वाटतात. मी तयारीशिवाय चाळीस मिनिटं बोललो, कारण समोर आपली माणसं होती, चूक कुणी पकडणार नव्हतं. भाचा तयारीशिवाय तीन मिनिटांत बसला, कारण समोर परकी माणसं होती, चूक पकडायला टपलेली. दोघांनाही लहानपणापासून एकच शिकवण: भाषण रक्तात असावं लागतं. साफ खोटं आहे. भाषण रक्तात नसतं. वहीत असतं.

चौकातला पुतळा बघा. एका हाताचं बोट वर, दुसऱ्या हातात पुस्तक. आपण बोट उचललं. पुस्तक तिथंच ठेवलं.

बाबासाहेब बोलायला कसे शिकले हे आपण पोरांना सांगतच नाही. ९ मे १९१६. वय २५. कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर या प्राध्यापकांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. परका देश, परकी भाषा, वर्गासमोर उभं राहून आपला मुद्दा मांडायचा. म्हणजे काय? माझ्या भाच्याला कॉलेजात जे करायला सांगितलं होतं तेच ना! तो निबंध पुढच्या वर्षी इंडियन अँटिक्वेरीत छापून आला आणि शंभर वर्षांनंतरही लोक वाचतात. मग १९१९ च्या जानेवारीत साऊथबरो समितीपुढे साक्ष. मग १९२८ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात सायमन कमिशनपुढे साक्ष. दोन्हीकडे लेखी निवेदन दिलेलं, आणि त्याच्या बळावर तोंडी उत्तरं. कागद आधी, तोंड मागून.

१९३६ चं लाहोरचं प्रकरण घ्या. जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. बाबासाहेबांनी भाषण आधीच लिहून छापून ठेवलं. मंडळवाल्यांनी ते वाचलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. हे गाळा, ते बदला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषदच बारगळली. भाषण झालंच नाही! पण कागद तयार होता. स्वतःच्या खर्चाने त्याच्या १५०० प्रती काढल्या. न झालेलं हे भाषण आज किती भाषांत वाचलं जातंय. मंडळाचं मात्र नाव निघतं ते या भाषणामुळेच. तयारीची ताकद ही असते. व्यासपीठ काढून घेतलं तरी भाषण शिल्लक राहतं.

आणि कुणी म्हणेल, पण ते ऐनवेळीही बोलायचे की! बोलायचे. १७ डिसेंबर १९४६. घटना समिती. नेहरूंचा ध्येयांचा ठराव चर्चेला. जयकरांनी दुरुस्ती मांडलेली, की मुस्लीम लीग आणि संस्थानांची माणसं येईपर्यंत थांबा. सभागृह जयकरांवर तुटून पडलेलं. अशात अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक बाबासाहेबांचं नाव पुकारलं. यादीत त्यांच्या आधी वीस-बावीस नावं होती. ते उद्याचा हिशेब धरून आलेले, तयारी करून बोलायचं म्हणून. तसं त्यांनी सुरुवातीलाच सांगूनही टाकलं. म्हणजे या माणसाला अचानक बोलण्याची हौस नव्हती, बघा. पण उभे राहिले. सभागृह काँग्रेसचं, बाजू जयकरांची, तरी सभागृहाने ऐकून घेतलं. ठराव लगेच रेटला गेला नाही, २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. त्या दिवशी हातात टिपण नसेल. पण १९१६ पासूनची तीस वर्षांची टिपणं डोक्यात होती. आपल्या डोक्यात किती दिवसांची असतात? रात्री मोबाईलवर आलेला एखादा मजकूर, बस.

आता तुमच्यातला एखादा तापलेला पोरगा म्हणेल, साहेब, आमचा संताप काय वहीत लिहून आणायचा? तालीम करून चिडायचं? मग आम्ही बाबू झालो की!

मी त्याला विचारतो, जलसेवाले तालीम करायचे की नाही? भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव हिंडला तो काय बिनतालमीचा? दिवसभर राबून आलेली माणसं रात्री कंदिलाच्या उजेडात कडवी घोटायची. कडवं चुकलं की ढोलकी थांबायची, परत पहिल्यापासून. त्यांचा संताप काय खोटा होता? उलट घोटून घोटून तो धारदार झाला. शाहीर तालमीशिवाय फडात उतरत नाही, आणि आपला वक्ता मांडवात आल्यावर शेजाऱ्याला विचारतो, "आज विषय काय ठेवलाय रे?"

भाच्याला घेऊन मी विहारात बसलो. आणखी सातआठ पोरंपोरी आली. आम्ही काय केलं ते सांगतो. यात अक्कल आमची कमी, चुका जास्त.

एक. मुद्दा एका वाक्यात सांगायचा. भाच्याला विचारलं, तुला काय म्हणायचंय? तो पंधरा मिनिटं सांगत होता. म्हटलं, नाही, एका वाक्यात. चौथ्या दिवशी सापडलं: शहराला पाणी आहे, पण सगळ्या गल्ल्यांना सारखं नाही. मग बाकीचं सगळं त्या वाक्याला बांधायचं. जे बांधलं जात नाही ते कापायचं, कितीही आवडलं तरी.

दोन. उसना मजकूर फेकून द्यायचा. पोरगा वही घेऊन सात दिवस आमच्या गल्लीच्या नळावर बसला. पाणी कधी येतं, कधी जातं, किती घरं, किती हंडे. ही नोंद त्याची स्वतःची. कुणी उलटा प्रश्न विचारला तर घाबरायचं कारण नाही, कारण त्याने डोळ्यांनी बघितलंय. सालं, आकडे दोनदा तपासायची. माझ्यासारखं १९३० करायचं नाही.

तीन. मोठ्याने म्हणायचं. मनात वाचलेलं दहा मिनिटांचं भाषण तोंडाने बोलताना सतरा मिनिटं होतं. घड्याळ लावून बोलायचं आणि कापायचं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन पाठ. मधलं मुद्द्यांवर. सगळंच पाठ केलंत तर एक शब्द निसटला की सगळी गाडी रुळावरून उतरते.

चार. पडद्यावर कमी लिहायचं. पडदा लोकांसाठी असतो. आपण त्याच्याकडे तोंड करून वाचायला लागलो की लोकांना दिसते फक्त आपली पाठ.

पाच. पुढच्या रांगेत आज्जीला बसवायचं. माझी आई. अक्षरओळख नाही. तिला कळलं नाही की तिथं थांबायचं आणि वाक्य बदलायचं. पहिल्या दिवशी तिने भाच्याला अकरा वेळा थांबवलं. शेवटच्या दिवशी दोनदा.

राहिलं 'पानी'. मित्रहो, यावर आमच्यात भांडण झालं. एक पोरगी म्हणाली, 'ण' घोटून घ्या, संपलं. दुसरा म्हणाला, का घोटायचा? त्यांच्या सदाशिवपेठी जिभेचं गिऱ्हाईक आपण का व्हायचं? मला दोघांचंही पटतं. 'ण' हे एक हत्यार आहे, हवं त्याने उचलावं. पण तो उंबरठा नाही, की तो ओलांडल्याशिवाय बोलायचा हक्क मिळणार नाही. हसणाऱ्याला तुमच्या उच्चाराशी काही देणंघेणं नसतं. त्याला तुम्ही खाली बसलेले हवे असता. म्हणून आम्ही हसण्याचीच तालीम केली. भाचा बोलायचा आणि बाकीची पोरं मुद्दाम मध्येच फिदीफिदी हसायची. पहिल्यांदा तो चिडला, मग रडला, मग थांबायला शिकला.

हे सगळं कॉलेजच्या मार्कांसाठी नाही, एवढं ध्यानात घ्या. आपण रायगडात राहतो. इथं रोज कुठला ना कुठला प्रकल्प येतो. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते. हजर असलेल्या कुणालाही प्रश्न विचारता येतो. बोललेलं नोंदवावं लागतं आणि शेवटी लोकांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. प्रकल्पवाले येतात पडदा, आकडे, इस्त्रीचे शर्ट घेऊन. आपण येतो संताप घेऊन. उठतो, ओरडतो, खुर्ची आपटतो, निघून जातो. मग कागदावर काय राहतं? खुर्ची आपटल्याचा आवाज इतिवृत्तात उतरत नाही. "अहवालात अमुक ओढ्याची नोंद नाही, तो आमच्या वस्तीला लागून वाहतो," हे वाक्य उतरतं. तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटांत हे वाक्य म्हणायला तीन आठवडे लागतात. आणि वाचून दाखवताना ते गाळलंय का, हे ऐकायला शेवटपर्यंत बसावंही लागतं.

आणखी एक, झोंबेल ते. आपल्या सभेत बायांना काय मिळतं? स्वागतगीत आणि आभारप्रदर्शन. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली, अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे. ऐंशीहून जास्त वर्षं झाली की! आमच्या विहारात सगळ्यात नेमकं बोलली ती 'ण' घोटा म्हणणारी पोरगी. पण १४ एप्रिलच्या वक्त्यांच्या यादीत तिचं नाव अजून नाही. यादी करणाऱ्यांत मीही होतो. लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी सुटका नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी तीन इशारे दिले, एकामागून एक, मोजून. त्यातला एक विभूतिपूजेचा. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा त्याचा अर्थ. आपण त्यांच्या भाषणांचीच भक्ती करून बसलो. हार घातला, टाळ्या पिटल्या, ते भाषण कसं बांधलंय हे उघडून बघितलं नाही.

भाच्याचं काय झालं विचारता? गुरुजनांना विनंती करून त्याने परत वेळ मागून घेतली. उभा राहिला. नळाची वही हातात. तिसऱ्या मिनिटाला 'पानी' आलं आणि मागून तेच फिसकन हसू आलं. तो थांबला. बाटली उचलली, घोटभर प्याला, झाकण लावलं आणि पुढचं वाक्य बोलला. दहा मिनिटं पुरली. मग दोघांनी प्रश्न विचारले. एका प्रश्नाचं उत्तर त्याला आलं नाही. म्हणाला, "हे मी मोजलं नाय. मोजून सांगतो."

सध्या परत नळावर बसलाय.

आणि मी त्या म्हाताऱ्या बाबांना शोधतोय. त्यांच्या बापाने महाडला काय बघितलं ते लिहून घ्यायचंय. पुढच्या १४ एप्रिलला मला फक्त दहा मिनिटं हवीत.