आयर्लंडमधली सायकल आणि आमचं छप्पनचं घंगाळ

मंडळी, आज जरा लांबलचक लिहिते आहे. चहा घेऊनच बसा.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एक तांब्याचं घंगाळ आहे. चांगलं मोठं, दोन कड्यांचं. दर दिवाळीला ते चिंचेने घासताना सासूबाई सांगायच्या, "छप्पनच्या साली घेतलंय हो! दहा शेर बाजरीत!" घंगाळ घेतलं माझ्या पणजेसासूबाईंनी. किती हुशार बाई, किती व्यवहारी, असं कौतुक व्हायचं. मीही चाळीस वर्षं ही गोष्ट कौतुकानेच सांगत आले. सुनेला सांगितली, नातीला सांगितली.

छप्पनचं साल म्हणजे संवत 1956, इंग्रजी 1899-1900. आमचे गुजराती शेजारी त्याला 'छप्पनियो' म्हणतात आणि म्हणताना अजून त्यांचा आवाज उतरतो. आमचा उतरत नव्हता. का, ते मला कळलं बडोद्यापासून हजारो मैलांवर, सायकलवर.

गेल्या मे महिन्यात लेकीकडे डब्लिनला गेले होते. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आयर्लंडचा दुष्काळ आमच्या पुस्तकात जेमतेम एका ओळीत यायचा. जावई म्हणाले, "आई, त्या दुष्काळाची एक वाट आहे. सायकलने जाता येतं." म्हटलं, चला. बडोद्यात मी रावपुऱ्याच्या गर्दीतून सायकल मारलेली बाई. चौसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरले, पण लेक बरोबर होती.

ही वाट रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाऊन गावापासून डब्लिनच्या धक्क्यापर्यंत जाते. 165 किलोमीटर. त्यातली बरीचशी रॉयल कॅनॉलच्या काठाने, जिथून पूर्वी घोडे मालाच्या बोटी ओढत न्यायचे. गाव छोटं, पण मधला रस्ता कमालीचा रुंद, आणि तो थेट जमीनदाराच्या वाड्याच्या कमानीपाशी जातो. कोण कुणाचं ऐकायचं, हे रस्ताच सांगतो.

1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि तो पुढची काही वर्षं येत राहिला. गरीब माणसं बटाट्यावरच जगत होती, कारण शेतातलं बाकी सगळं खंडाच्या पैशात जायचं. 1841 च्या खानेसुमारीत आयर्लंडची वस्ती सुमारे 82 लाख होती, 1851 मध्ये 65 लाखांवर आली. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. आणि बंदरांतून लोणी, जनावरं, धान्य बाहेर जात राहिलं.

स्ट्रोक्सटाऊनचा जमीनदार डेनिस मॅहन. त्याच्या कारभाऱ्याने हिशेब मांडला की कुळांना वर्कहाऊसमध्ये पोसण्यापेक्षा बोटीत घालून कॅनडाला पाठवणं स्वस्त पडेल. 1847 च्या मे महिन्यात 1490 माणसं चालत डब्लिनला निघाली. तिथून लिव्हरपूल, तिथून क्वेबेक. त्या सालच्या 'व्हर्जिनियस' या एका बोटीवर 476 प्रवासी होते, त्यातले 158 समुद्रातच गेले. नोव्हेंबरात मॅहनला कुणीतरी गोळी घालून मारलं.

ही माहिती पुस्तकातही मिळते. सायकलने काय झालं ते सांगते.

वाटेत ठिकठिकाणी लहान मुलांच्या बुटांची ब्राँझची जोडी बसवलेली आहे. अशा तीसहून जास्त आहेत. रॉसकॉमनमधल्या एका जुन्या झोपडीच्या छपरात एकत्र बांधून ठेवलेले मुलांचे बूट सापडले होते, त्यांची ही प्रतिकृती. गाडीतून गेलं असतं तर एक बघितली असती, फोटो काढला असता, झालं. सायकलवर तसं होत नाही. वारा समोरून येतो, पाऊस बारीक बारीक लागतच असतो, मांड्या भरून येतात, आणि पुन्हा बुटांची एक जोडी दिसते. मग मनात येतं, अजून चालतच आहेत. त्यात बारा वर्षांचा डॅनियल टाय नावाचा मुलगा होता. तो आणि त्याची धाकटी बहीण कॅथरीन पोचले, क्वेबेकमधल्या एका फ्रेंच बोलणाऱ्या घराने त्यांना आसरा दिला. बरोबर निघालेलं घरचं बाकी कुणी उरलं नाही. मलिंगारच्या आधी एका दगडी पुलाखाली पाऊस थांबायची वाट बघत होतो, तेव्हा लेक म्हणाली, "आई, आपली तारा बारा वर्षांची आहे." मी काही बोलले नाही.

पण मला खरा धक्का बसला तो एका शब्दाने. वाटेत एका घरगुती मुक्कामाला राहिलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या बाईंशी रात्री बोलत होते. मी आपलं म्हणाले, "जमीनदारांनी फार छळलं हो तुम्हाला." त्या म्हणाल्या, जमीनदारांबद्दल आम्ही मोकळेपणाने बोलतो. 'गोंबीन-मॅन'बद्दल बोलायला जड जातं. गोंबीन-मॅन म्हणजे गावातलाच दुकानदार, सावकार. उपाशी माणसाला उधारीवर पीठ द्यायचं, आणि मग त्याची जमीन, जनावर, भांडं आपल्याकडे. तेव्हाचा कायदाही असा होता की पाव एकरापेक्षा, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांपेक्षा, जास्त जमीन असेल तर सरकारी मदत नाही. लोकांनी जमिनी सोडल्या. त्या शेवटी कुणाकुणाच्या पोटात गेल्याच. बाई म्हणाल्या, "मेलेले मेले, गेलेले गेले. जे इथे उरलो, त्यातल्या काहींच्या आज्यापणज्यांनी काहीतरी स्वस्तात घेतलेलं असणार."

त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर आमचं घंगाळ.

सासरची मंडळी गायकवाड सरकारात कारकुनीत होती. पाऊस पडो न पडो, पगार चालू. बाजरी घरात होती. ज्याने घंगाळ विकलं तो पादऱ्याकडचा कुणी शेतकरी होता, एवढंच सासूबाईंना ठाऊक होतं. त्याचं नाव नाही. ती दहा शेर बाजरी किती तोंडांत गेली, किती दिवस पुरली, पुढे ती माणसं जगली का, काही नाही. 1891 मध्ये बडोदा राज्याची वस्ती 24 लाखांच्या वर होती, 1901 मध्ये साडेएकोणीस लाख. मधली माणसं दुष्काळाने आणि त्यामागून आलेल्या रोगराईने नेली. त्या आकड्यात आमच्या घंगाळाचे मूळ मालक आहेत की नाहीत, मला कधीच कळणार नाही.

घरी येऊन सांगितलं तर दीर म्हणाले, "वहिनी, उगाच मनाला लावून घेता. आपण घेतलं नसतं तर त्याला ती बाजरीसुद्धा मिळाली नसती." खरं आहे त्यांचं. पणजेसासूबाईंना मी दोष देत नाही. चार लेकरं पदरात, उद्याचा भरवसा नाही, त्यांनी जे केलं ते तेव्हा शहाणपणाचंच होतं. माझी तक्रार आमच्या गोष्टीबद्दल आहे. सव्वाशे वर्षं आम्ही ती फक्त घेणाऱ्याच्या बाजूने सांगितली.

आणि इथेच मला आपल्या सगळ्यांशी बोलायचं आहे. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, कुठलेही असू. आपल्यातल्या बऱ्याच घरांत दरबाराची, कचेरीची, शाळेची चाकरी होती. आपल्या आठवणी म्हणजे वाडे, वाचनालयं, गणपती, नाटकं. त्या लिहायलाच हव्यात, मीही लिहिते. पण पगार चालू असलेल्या घराची दुष्काळाची आठवण आणि खळं रिकामं झालेल्या घराची आठवण एक नसते. आपल्याकडे पहिली उरली. दुसरी लिहून ठेवणारं बहुधा कुणी उरलं नाही.

स्ट्रोक्सटाऊनला 1979 मध्ये तो वाडा गावातल्याच एका मोटारींच्या धंद्यातल्या गृहस्थांनी विकत घेतला. त्यांना जमीन हवी होती. आत जहागिरीचे जुने कागद सापडले, कुळांचे अर्जसुद्धा. रद्दीत घालता आले असते. त्यांनी ठेवले, आणि 1994 मध्ये तिथे दुष्काळाचं संग्रहालय उभं राहिलं. वाड्याचे कागद आणि भुकेल्यांचे अर्ज एकाच छपराखाली. आपण एवढं मोठं नाही करू शकत. पण घरातल्या भांड्याची गोष्ट पूर्ण सांगू शकतो.

यंदा दिवाळीला घंगाळ मी घासलं. तारा शेजारी होती. तिला म्हटलं, "हे छप्पनच्या साली दहा शेर बाजरीत घेतलं. ज्यांचं होतं त्यांचं नाव आपण विचारून ठेवलं नाही." ती म्हणाली, "आजी, मग परत कसं देणार?" मला उत्तर आलं नाही. सध्या एका कागदावर हे सगळं लिहून घंगाळात ठेवलं आहे. त्यात पाणी तापवणं बंद केलं आहे.

तुमच्याकडे दुष्काळाच्या सालात आलेलं काही असेल, भांडं, दागिना, शेत, तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा, कुणाकडून घेतलं? नाव, निदान गाव मिळालं तर इथे खाली लिहा. पादऱ्याकडचं कुणी हे वाचत असेल, आणि घरात गेलेल्या घंगाळाची गोष्ट सांगत असतील, तर मला जरूर कळवा. वाट बघते.