आरवलीची माणसे

कोकणपट्टीच्या पर्यटनाचा पुकारा सांप्रत सर्वत्र चालू आहे, आणि त्यासाठी छापल्या जाणाऱ्या चित्रांत निळा समुद्र असतो, माडांची रांग असते, दूरवर पसरलेली पांढरी वाळू असते. परंतु त्या वाळूवर माणूस क्वचितच दिसतो, आणि दिसलाच तर तो पाहुणा असतो. किनाऱ्यावर माया करण्याची ही रीत आम्हांस अपुरी वाटते. लेखक जयवंत दळवींनी ती निराळ्या रीतीने केली.

गोव्यातील हडफडे येथे १९२५ साली जन्मलेल्या दळवींचे बालपण वेंगुर्ले तालुक्यातील आरवली या समुद्रकाठच्या खेड्यात गेले आणि पुढचे आयुष्य नोकरीनिमित्त मुंबईत. त्या मुंबईत बसून लिहिलेले ‘सारे प्रवासी घडीचे’ हे पुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले. त्यात एक नायक नाही की सलग कथानक नाही; आहेत ती आरवलीचीच विक्षिप्त, हट्टी, दरिद्री, भोळी आणि प्रसंगी दुष्टही माणसे, ज्यांच्या खोडींवर वाचक पोट धरून हसत असतानाच त्यांच्यापैकी कोणाचा तरी अंतकाळ येऊन ठेपतो. आदल्याच वर्षी याच लेखणीतून मुंबईच्या झोपडपट्टीचे दाहक चित्रण करणारी ‘चक्र’ ही कादंबरी उतरली होती, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. कारण शहराच्या जाचाला कंटाळून रम्य भूतकाळात आश्रय शोधणाऱ्याची ही स्मृती नव्हे, तर ज्या दृष्टीने झोपडी न्याहाळली त्याच दृष्टीने न्याहाळलेले हे स्वतःचे गाव आहे.

आरवलीचे ग्रामदैवत वेतोबा. नवस फेडण्यासाठी त्यास केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात, आणि रात्री देव त्या घालून गावाची राखण करीत फिरतो, म्हणून त्यांचे तळ झिजतात, अशी लोकांची दृढ श्रद्धा आहे. ज्या गावाचा देवच रोज रात्री दारोदार फिरतो, त्या गावच्या लेखकाने प्रत्येक उंबरठ्याआडचे सुखदुःख जाणावे, यात आम्हांस काही नवल वाटत नाही. शेजारचे शिरोडे तर मिठागरांचे गाव. १९३० साली तेथे मिठाचा सत्याग्रह झाला, आणि १९२० ते १९३८ या काळात कादंबरीकार वि. स. खांडेकरांनी तेथल्याच शाळेत अध्यापन केले. केवळ वाळू आणि माड यांच्या बळावर एखाद्या मुलखाची अशी कीर्ती होत नसते.

म्हणूनच किनाऱ्याच्या विकासाचे आराखडे तयार करणाऱ्या अंमलदारांनी प्रथम दळवींचे हे पुस्तक वाचावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. सर्व्हे नंबर, हद्दी आणि क्षेत्रफळ यांची नोंद दफ्तरी बिनचूक असते; पण जाळी विणणारा, मिठागरात राबणारा, देवळातला पिढीजात मानकरी, पडवीत बसून मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट पाहणारी म्हातारी, यांना त्या कागदांत जागा कुठली? यांची नोंद रहिवासी म्हणून व्हावी, आणि मसुदा मंजुरीसाठी वरिष्ठांकडे रवाना होण्यापूर्वी तो गावच्या चावडीवर त्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगून त्यांच्या हरकती लेखी नोंदवून घेतल्या जाव्यात, अशी आमची सरकारकडे मागणी आहे.